बहिरी बाजू

बायको गेली त्या दिवशी मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो आणि दाराबाहेर माझी मुलगी उभी होती. दारावरचा लाल दिवा चालू होता, म्हणून ती उभी होती. आत व्हायोलिनचे मास्तर वाजवत होते आणि मी ते रेकॉर्ड करत होतो. त्यांचं वाजवून झालं, त्यांनी गज खाली घेतला, शेवटचा सूर खोलीतून पुरता जाईपर्यंत मी थांबलो, मग दिवा बंद केला. दिवा गेला आणि दार उघडलं. इतक्या लगेच उघडलं की मला आधी रागच आला, मास्तर अजून जागचे हललेही नव्हते. मुलगी म्हणाली, "बाबा, आई बँकेत पडली. दवाखान्यात नेलंय. चला." ती ओरडली नाही. आवाज अगदी बेताचा होता, या खोलीत लहानपणापासून ज्या आवाजात बोलायला शिकली त्याच आवाजात बोलली. दवाखान्यात पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टर जिन्याशी भेटला आणि म्हणाला, "आत्ताच गेल्या." मी खाली फरशीकडे बघत होतो. फरशीवर मुलीचे पाय दिसत होते आणि ते अनवाणी होते. बूट वाजतील म्हणून तिने ते माझ्या दाराबाहेर काढून ठेवले होते आणि निघताना घालायचे राहून गेले होते. तेव्हा मला कळलं की ती दाराशी नुकतीच आलेली नव्हती.

आत्ताच म्हणजे कधी, हे मी त्या डॉक्टरला विचारलं नाही. पुढेही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने घड्याळातली वेळ सांगितली असती आणि मला मास्तरांच्या टेकची, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची, वेळ माहीत होती, ती यंत्रात आपोआप पडते. मग वजाबाकी करावी लागली असती. माणसं भेटायला येत होती, बसत होती, पाणी पिऊन जात होती. प्रत्येक जण म्हणत होता की फार त्रास न होता गेली, सुटली. मी मान हलवत होतो. मुलगी सगळ्यांना पाणी देत होती, खुर्च्या सरकवत होती, आणि माझ्यासमोर येऊन मात्र बसत नव्हती. मी खोलीत शिरलो की तिला दुसऱ्या खोलीत काम निघायचं. मला तिच्याशी बोलायचं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, की तू थांबलीस त्यात तुझं काही चुकलं नाही. पण ते वाक्य तोंडाशी आलं की मला तिचे पाय दिसायचे आणि वाटायचं, हे मी मनापासून म्हणतो आहे का? मनापासून नसेल तर तिला कळेल. आमच्या घरात आवाजातलं खोटं लगेच कळतं, धंदाच तो आहे.

लाल दिव्याचा नियम बायकोने केला होता. घराच्या मागची खोली आम्ही रेकॉर्डिंगसाठी घेतली तेव्हा मुलगी शाळेत जायला लागलेली होती. एकदा गुडघा फोडून घेऊन ती रडत थेट आत आली आणि एका गायिकेचा चांगला चाललेला टेक गेला. गायिका बिचारी काही बोलली नाही, उलट तिनेच पोरीला मांडीवर घेतलं. पण संध्याकाळी बायकोने मुलीला दाराशी उभं करून दिवा दाखवला. "हा लाल असला की जग बुडालं तरी दार उघडायचं नाही. समजलं?" मुलीने विचारलं, "आणि घराला आग लागली तर?" "तर दिवा आपोआप जाईल. वायरी जळतील ना." मुलीचं समाधान झालं. पुढे सगळ्या गणगोताला हा नियम पाठ झाला. माझी बहीण एकदा न कळवता आली आणि दिवा लाल बघून बॅगेवर बसून राहिली, पाऊण दुपार. आत एक माणूस रोगांच्या लक्षणांवर भाषण वाचत होता. दार उघडलं तेव्हा बहीण म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरात यायचं म्हणजे डबा बांधून यायला हवं." वीजमंडळाचा माणूस थांबला होता. घरमालक भांडायला आला होता तोही थांबला, आणि थांबून थांबून त्याचा राग उतरला. या गोष्टी आम्ही आल्यागेल्याला हसून सांगायचो. बायको सांगायची, तिला नकला छान यायच्या. त्यामुळे मुलगी त्या दिवशी थांबली याचं आमच्या घरातल्या कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आमच्याच घरात हे होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्याही घरातली मुलगी दार ढकलून आत आली असती.

आमच्याकडे दोन जपानी मायक्रोफोन आहेत, जुने, रिबनचे. एका रेडिओ केंद्राने जुनं सामान काढलं त्यात मिळाले. हातात घेतले की जड लागतात, कारण आत लोहचुंबक आहे. त्या चुंबकाच्या दोन टोकांच्या मधल्या फटीत ॲल्युमिनियमची एक पट्टी असते, तीच रिबन, बोटाएवढी लांब, आणि इतकी पातळ की तिच्यापुढे केस म्हणजे दोरखंड. आवाज आला की ती पट्टी हलते. एवढंच ते यंत्र. आम्ही आणले तेव्हा एकाची पट्टी तुटलेली होती आणि दुसऱ्याची फटीच्या कडेला चिकटून बसली होती. दुरुस्त करणारा कुणी मिळेना. बायकोचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि लहानपणी तिने त्यांच्या शेजारी बसून पुष्कळ घड्याळं उघडलेली होती. ती म्हणाली, "मला बघू दे." मी म्हणालो, "अगं, हे घड्याळ नाही." ती म्हणाली, "नाही तर नाही. बंद तर आहेच, आणखी काय बंद पडणार?" तिने जुन्या घड्याळांतली दोन दातेरी चाकं शोधून त्यांच्यामधून ॲल्युमिनियमचा वर्ख फिरवला, म्हणजे त्याला झालरीसारख्या बारीक चुण्या पडतात. चुण्या नसतील तर पट्टी हलत नाही, नुसती थरथरते. पहिल्या कितीतरी पट्ट्या फाटल्या. मी कंटाळलो, ती कंटाळली नाही. एक दिवस तिने मला हाक मारली, "अहो, या, बोला काहीतरी." मी मायक्रोफोनसमोर उभा राहून म्हणालो, काय बोलू? आणि स्पीकरमधून माझाच आवाज आला, काय बोलू. पण तो माझ्या आवाजापेक्षा बरा होता. त्यातला खरखरीतपणा गेला होता, धार गेली होती, आणि माणूस तसाच राहिला होता. बायको म्हणाली, "बघा, यांच्यातून तुम्ही किती समजूतदार वाटता."

तिने त्यांना नावं ठेवली, थोरले आणि धाकटे. सासरच्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसंच बोलायची. थोरल्यांना वारा सोसत नाही. थोरल्यांसमोर फुंकर मारायची नाही, खोकायचं नाही. थोरल्यांना कधी आडवं निजवायचं नाही, आडवे झाले की पोट सुटतं. हे तिने गमतीत म्हटलं तरी खरंच आहे. मायक्रोफोन आडवा ठेवला की पट्टी स्वतःच्या वजनाने हळूहळू झोळीसारखी लोंबते. ते उभेच ठेवायचे, आणि या खोलीतून त्या खोलीत नेतानासुद्धा अंगावर कापडी पिशवी घालायची, कारण चालताना लागणारा वाराही त्यांना जास्त होतो. पिशव्या तिनेच शिवल्या होत्या. मिक्सरवर एक बटण असतं, ते दाबलं की वायरीतून वीज मायक्रोफोनकडे जाते. नव्या मायक्रोफोनला ती लागते, या जुन्यांची मात्र पट्टी त्याने जळू शकते. त्या बटणावर तिने चिकटपट्टी लावली होती आणि वर लिहिलं होतं, 'हात लावाल तर गाठ माझ्याशी.' ते वाचून मोठे मोठे वादक हात मागे घ्यायचे.

आणि बाजू. रिबनच्या मायक्रोफोनला समोरून जेवढं ऐकू येतं तेवढंच पाठीमागून येतं. दोन माणसं समोरासमोर बसवून, मधे मायक्रोफोन ठेवून, गप्पा घेता येतात. पण डावी-उजवीकडून तो ठार बहिरा. पट्टीच्या कडेकडून आलेला आवाज दोन्ही अंगांना सारखाच लागतो आणि ती हलतच नाही. तर जे ऐकायचं नाही ते त्याच्या कडेला ठेवायचं, ही सगळी युक्ती. पंखा कडेला. रस्त्याकडची खिडकी कडेला. आमच्या खोलीत थोरले कुठे आणि कसे उभे राहायचे याची जमिनीवर खूण केलेली होती, ती खूण आम्ही दोघांनी मिळून ठरवली होती. एका कडेला माझी खुर्ची, ती करकरते म्हणून. दुसऱ्या कडेला दार. लाल दिवा न बघता कुणी दाराशी बोलत आलंच, तरी टेक वाचावा म्हणून दार कडेला. बायको म्हणायची, "थोरले दोनच बाजूंनी बहिरे आहेत. घरातला एक माणूस चारही बाजूंनी आहे, त्याला कुठे ठेवायचं सांगा." मी म्हणायचो, "मला ऐकू येतं." "येतं हो. संपल्यावर येतं."

माणसं कमी झाल्यावर मी एक दिवस खोली उघडली. मास्तरांचा टेक तसाच यंत्रात होता. मी हेडफोन लावला आणि टेक पहिल्यापासून ऐकला. व्हायोलिन ऐकायला नव्हे. मी दाराकडचं काही ऐकू येतं का बघत होतो. बूट काढल्याचा आवाज, कडीला हात लागल्याचा, श्वासाचा. मुलगी कुठल्या सुराशी येऊन उभी राहिली हे कळलं तर बरं, असं मला का वाटत होतं कोण जाणे. व्हायोलिनचा आवाज सुरेख आला होता. या मायक्रोफोनमध्ये व्हायोलिन किंचाळत नाही. डोक्याच्या जरा वर, हातभर लांब ठेवला की लाकूड ऐकू येतं आणि तारेचं ओरखडणं मागे राहतं. मधे दोनदा मास्तर संपवतील असं वाटतं. दोनदा ते खाली उतरत येतात, अगदी थांबतात, आणि पुन्हा वर जातात. त्या दिवशी ते वाजवत असताना या जागा मला फार आवडल्या होत्या. पुन्हा वर गेले तेव्हा मी डोळे मिटले होते. आता मला वाटलं, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला हे दोनदा ऐकावं लागलं. संपलं असं वाटून तिने कडीवर हात ठेवला असेल आणि पुन्हा काढून घेतला असेल. पण टेकमध्ये दाराकडचं काहीसुद्धा नव्हतं. आवाज वाढवून ऐकलं. नुसती खोली ऐकू येत होती. इतका स्वच्छ टेक माझ्या हातून क्वचितच झाला असेल.

मास्तरांचा फोन आला तो त्यानंतर. पहिल्यांदा त्यांनी नुसतं कसे आहात विचारलं, जेवता ना विचारलं. मग म्हणाले, "तो टेक मी मागणार नव्हतो."

"मागा ना. तुमचाच आहे."

"नाही हो, माझा कसला. मी वाजवत होतो आणि तिकडे... मला घरी आल्यावर कळलं. माझ्या बायकोने मला विचारलं, तुम्हाला दोनदा संपवता आलं असतं ना, मग का नाही संपवलंत? आता काय सांगू तिला."

मी म्हणालो, "तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तेच म्हणालो. तर म्हणते, तुम्हाला कधी काय माहीत असतं." ते थोडं हसले. "पण राजा, खरं सांगतो. माझी बोटं आता संपावर गेली आहेत. तसं परत होणार नाही. फेकून द्यायचा असला तरी फेका, मी तोंड उघडणार नाही. पण फेकलात की सांगा. म्हणजे मी वाट बघणं सोडीन."

मी म्हणालो, सांगतो. हे सांगायला तोंड उघडावं लागेल आणि त्यासाठी काहीतरी ठरवावं लागेल, एवढंच मला त्या वेळी वाटलं, आणि मी दमून गेलो. हल्ली मी असाच दमतो. काम करून नव्हे. कुणी प्रश्न विचारला की दमतो. सकाळी उठून दात घासायचे, मग चहा करायचा, एकाच कपाचा चहा करताना पाणी किती घ्यावं कळत नाही, जास्त होतं आणि ओतून द्यावं लागतं. ओतून देतानाही दमतो.

थोरल्यांना निजवलेलं आहे हे मला फोन आला त्याच दिवशी दिसलं. माझ्या बहिणीने खोली आवरली होती. बिचारीने मनापासून आवरली होती, वायरींच्या गुंडाळ्या करून रबर लावले होते, आणि दोन्ही मायक्रोफोन स्टँडवरून काढून, पिशव्या काढून धुवायला टाकून, टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटाच्या खणात आडवे ठेवले होते. धाकटे बचावले, ते कुशीवर होते आणि त्यांची पट्टी धारेवर राहिली होती. थोरले पाठीवर होते. मी त्यांना उभं केलं, वायर जोडली आणि दुरून बोललो. आवाज घशात बोळा कोंबल्यासारखा आला. जाळी काढून भिंगातून पाहिलं तर पट्टी मधोमध खाली आलेली आणि फटीच्या एका कडेला टेकलेली. बहिणीने फोनवर विचारलं, "सगळं नीट ठेवलंय ना रे मी?" मी म्हणालो, "हो, उत्तम ठेवलंयस."

मुलगी रविवारी येते. घर झाडते, फ्रिज उघडून बघते, मला रागावते. "बाबा, हे काय, परवाचं तसंच आहे." मी म्हणतो, खाणार होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणते, "हो, पुढच्या वर्षी." त्या रविवारी मी तिला थोरल्यांचं सांगितलं. सांगण्यासारखं काहीतरी होतं म्हणून सांगितलं. ती खोलीत आली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आली. उंबऱ्याशी थोडी थांबली आणि मग एकदम आत आली. भिंगातून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही आईने बसवलेली?"

"हो. शेवटची बसवली ती."

"मग ही काढायची?"

"काढल्याशिवाय नवी कशी बसणार?"

"मी काढू? मला शिकवा."

मी हो म्हणालो. मला वाटलं, काम करता करता बोलता येईल. काम करताना माणूस समोर बघत नाही, हाताकडे बघतो, आणि तसं बोलणं सोपं जातं. पांढरं कापड अंथरलं, कारण लोखंडाचा कणही चुंबक ओढून घेतं आणि एकदा फटीत गेला की काढणं कठीण. तिने अंगठ्या काढल्या. मी बायकोचा पितळी चिमटा दिला, लोखंडी चिमटा जवळ नेला की चुंबक तो हातातून हिसकावतं आणि पट्टी फाडतं. हे सगळं मी तिला सांगत होतो. सांगायला मला बरं वाटत होतं, पुष्कळ दिवसांनी मी इतकी वाक्यं लागोपाठ बोललो होतो. दोन्ही टोकांचे स्क्रू आधी नुसते सैल कर. पट्टी ओढायची नाही, ती आपली आपण सुटू दे. ती करत होती. तिचे हात आईसारखे नाहीत, माझ्यासारखे आहेत, आखूड आणि जाड. पण ते थरथरत नव्हते. जुनी पट्टी निघाली. ती तिने कागदावर ठेवली आणि वर पेला उपडा ठेवला, उडू नये म्हणून. मी तसं करायला सांगितलं नव्हतं.

नव्या पट्ट्या बायकोने करून ठेवलेल्या होत्या, डबीत, तंतू चिकटू नयेत म्हणून कापसाशिवाय, उभ्या. मी एक काढून दिली. तिने एक टोक बसवलं. आता दुसरं टोक धरून पट्टी फटीच्या बरोबर मधे आणायची, कडांशी केसाएवढी जागा ठेवायची, आणि ताण असा ठेवायचा की ती सैल असावी पण लोंबू नये. याचं माप नाही. बायको डोळ्यांनी करायची आणि करताना श्वास घ्यायची नाही. श्वास घ्यायचा तर तोंड बाजूला वळवून घ्यायचा. मी मुलीला म्हणालो, "आता बोलायचं नाही हं." ती वाकली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी भिंग धरलं होतं. पट्टी मधे आली. आणि तेव्हा तिने चिमटा तसाच धरून, मान कडेला वळवून, भिंतीशी बोलल्यासारखं म्हटलं, "बाबा, मला तुम्हाला त्या दिवशीचं सांगायचंय. मी बाहेर..."

मी हात वर केला.

मी ठरवून केला नाही. टेक चालू असताना कुणी हललं की माझा हात असा वर जातो, पंजा समोर, आणि मी त्या माणसाकडे बघतही नाही. वर्षानुवर्षं जातो. ती गप्प झाली. लगेच झाली, अर्ध्या शब्दावर. तिचं तोंड मिटलं आणि डोळे पट्टीकडे वळले, आणि चिमटा होता तिथेच राहिला. मी माझ्या हाताकडे बघितलं. तो आमच्या दोघांच्या मधे होता. मला तेव्हा एक गोष्ट समजली जी मला इतके दिवस समजली नव्हती. मुलीचं ऑफिस दवाखान्याच्या रस्त्यावर आहे. ती सरळ गेली असती तर तिला आई भेटली असती. टेक चालू असताना माझा फोन बंद असतो, म्हणून मला घ्यायला ती उलट्या दिशेने घरी आली होती. मी आजवर माझीच वजाबाकी टाळत होतो. तिची मला दिसलीच नव्हती.

मी हात खाली घेतला आणि म्हणालो, "बोल."

मी फटीवर वाकलेलो होतो आणि ते मी तोंड न वळवता बोललो. एवढा वारा पुरला. पट्टी चिमट्यातून सुटली, वळली आणि चुंबकाच्या कडेला जाऊन सुरकुतली. "बाबा!" मुलगी ओरडली. "काय केलंत? पट्टी गेली."

"जाऊ दे गं. तू बोल."

तिने चिमटा कापडावर ठेवला. हात पुसले. अंगठ्या घातल्या, एक एक करून. मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "मी आत आले असते तर तुम्ही असाच हात केला असतात."

"हो."

"बघितलंही नसतं."

"नसतं बघितलं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही. दुकान रविवारी बंद असतं हे सांगावं तसं म्हणाली. "आईच्या नियमामुळे नाही थांबले मी. सगळ्यांना वाटतं नियमामुळे. आत्या तर मला कुशीत घेऊन म्हणाली, गुणाची पोर." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. मी म्हणालो, "बाकीचं सांग. बाहेर काय झालं ते." तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं, मी ऐकतो आहे की नुसता गप्प आहे हे तपासावं तसं. मग म्हणाली, "आता नको, बाबा. आता नाही जमणार. एकदा तोंडाशी आलं होतं." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, भांडी फारशी नव्हती तरी. मी तिच्या मागे गेलो आणि दारात उभा राहिलो. मला वाटलं, आता मी थांबावं. ती पाठमोरी होती. तिने नळ बंद केला, हात पुसले, पिशवी घेतली आणि म्हणाली, "परवाचं फेकलंय. नवीन वरच्या खणात ठेवलंय, आज खा." आणि पायात बूट घालून गेली.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिने फ्रिज बघितला, घर झाडलं, आणि त्या दिवशीचं विचारावं म्हणून मी सगळा वेळ तिच्या आसपास राहिलो. ती म्हणाली, "बाबा, पायात येऊ नका." मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आज्ञा केल्यासारखं होतं. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा मी समोर असायला हवा आणि माझ्या हातात काही नको, एवढं मला कळतं. त्यासाठी मी रविवारी काम घेत नाही. दुपारभर घरात बसून राहतो. ती काय बोलते ते ऐकतो, भाजी महाग झाली, ऑफिसातली एक बाई सारखी रजा घेते, जिन्यातला दिवा गेलाय. त्याच्या पुढे ती जात नाही.

मास्तरांना मी अजून काही कळवलेलं नाही. थोरल्यांत पट्टी नाही, ते पिशवी घालून उभे आहेत. डबीत पट्ट्या आहेत पण मी एकट्याने बसवत नाही. आणि मुलगी त्या दिवशी दाराबाहेर उभी होती तेव्हा काय झालं, ते मी तिच्याकडून अजून ऐकून घेतलेलं नाही.